जावक झालेली, न पोचलेली पत्रे

पत्र पाठविणाऱ्याच्या हातून सुटते आणि ज्याला लिहिले त्याच्या हाती पडते. या दोन क्षणांच्या मधल्या वाटेकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. पत्रातील मजकूर वाचला जातो, छापला जातो, त्यावर वाद झडतात. ते कोणत्या वाटेने आले, किती दिवसांनी आले, आणि आले नसेल तर पाठविणाऱ्याला ते कधी कळले, हे प्रश्न बहुधा तळटीपेतही स्थान मिळवीत नाहीत. आमच्या नोकरीची बरीच वर्षे आवक-जावक नोंदवह्यांच्या सहवासात गेली म्हणून असेल, आम्हांला मजकुराइतकेच या वाटेचे कुतूहल राहिले आहे. जावक क्रमांक पडला की कागद कचेरीतून गेला एवढेच सिद्ध होते. तो पोचला हे पोचपावती आल्याखेरीज सिद्ध होत नाही.

गेल्या काही वर्षांत पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील लहान व्यावसायिकांकडून हीच तक्रार नव्या रूपात ऐकू येते. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर खोल्या भाड्याने देणारे, २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून प्रवाशांसाठी गाड्या पुरविणारे, काजूगर आणि मसाले बाहेरगावी धाडणारे, हे सारे आपली दरपत्रके व बिले आता ईमेलनेच पाठवितात. संगणक सांगतो, 'सेंट'. समोरचा सांगतो, आम्हांला काहीच मिळाले नाही. पत्र परतही येत नाही. मग व्यापारी गिऱ्हाइकावर आणि गिऱ्हाईक व्यापाऱ्यावर संशय घेऊ लागते. ही अडचण संगणकाने जन्माला घातली असा सर्वसाधारण समज दिसतो. वस्तुतः गोव्याला ती निदान चारशे वर्षांपासून ठाऊक आहे, आणि प्रत्येक काळाने तिच्यावर आपापल्या परीने उपाय शोधला होता.

लिस्बनहून गोव्यास येणारी जहाजे साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये निघत आणि पावसाळा सरता सरता येथे पोचत. परतीची जहाजे डिसेंबर-जानेवारीत सुटत. म्हणजे एका प्रश्नाचे उत्तर मिळण्यास दीड-दोन वर्षे लागत. शिवाय जहाज वाटेत बुडे, शत्रूच्या हाती पडे. म्हणून महत्त्वाच्या पत्राच्या अनेक प्रती करून त्या निरनिराळ्या जहाजांवर घालण्याची पद्धत पडली. प्रतीवरच 'पहिली वाट', 'दुसरी वाट' अशा अर्थाची पोर्तुगीज खूण असे, त्यामुळे वाचणाऱ्यास कळे की याच्या बहिणी आणखी कुठे तरी प्रवासात आहेत. काही पत्रे बसऱ्याच्या बाजूने खुष्कीच्या मार्गानेही जात. पणजीच्या पुराभिलेखागारातील मोसमी पत्रव्यवहाराचे जाडजूड ग्रंथ या व्यवस्थेतूनच सिद्ध झाले आहेत. त्या संग्रहाची ओळख जगाला ज्यांनी करून दिली ते पांडुरंग पिसुर्लेकर डिचोली तालुक्यातील पिळगावचे, हे येथील वाचकांस सांगावयास नको. पोर्तुगीजांच्या वतीने मराठ्यांकडे व इतर दरबारांत ये-जा करणाऱ्या वकिलांवर त्यांनी १९५२ साली स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. पत्र नेणारा माणूस हाही इतिहासाचा विषय आहे, हे त्यांनी ओळखले होते.

घाटावरही निराळे नव्हते. पेशवाईतील कागदांत 'जासूद जोडी' हा शब्द वारंवार भेटतो. वाटेत एकाला ताप आला, नदीला पूर आला, चौकीवर अडवणूक झाली, तर दुसरा पुढे जाई किंवा मागे फिरून वर्दी देई. उत्तराच्या आरंभी 'पत्र पावले, मजकूर कळला' असे लिहिण्याचा आपल्या वाडवडिलांचा परिपाठ होता. त्याला आपण शिष्टाचार समजतो. पण तो होता व्यवहार. त्या चार शब्दांनी पाठविणाऱ्याच्या डोक्यावरचा भार उतरत असे.

अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत डिचोली, सत्तरी आणि १७८८ साली पेडणे हे महाल पोर्तुगीजांकडे गेले आणि नव्या काबिजादीत मोडू लागले. राज्य बदलले तरी सोयरिकी, देवस्थाने, बाजार पूर्वीचेच राहिले. पेडण्याच्या माणसाला पणजीपेक्षा बांदा आणि सावंतवाडी जवळची होती. आजही अनेक घराण्यांची अर्धी नाती तेरेखोल नदीपलीकडे आहेत. अशा माणसांच्या रोजच्या पत्राला मध्येच आंतरराष्ट्रीय सीमा आली. पोर्तुगीज भारताची पहिली टपाल तिकिटे १ ऑक्टोबर १८७१ रोजी निघाली, पण त्यांची पत सीमेपर्यंतच होती. गोव्याबाहेर जाणाऱ्या पत्रावर ब्रिटिश भारताचेही तिकीट लावावे लागे. एकाच लिफाफ्यावर दोन राज्यांची तिकिटे असलेली त्या काळची पाकिटे आज संग्राहकांना मोलाची वाटतात. त्या वेळी मात्र तो व्यापाऱ्याच्या डोक्याचा ताप होता. अपुऱ्या तिकिटाचे पत्र बैरंग ठरे, घेणाऱ्याकडून जादा पैसे मागितले जात, आणि तो नाही म्हणाला की पत्र अडकून पडे. १८७४ साली बर्न येथे स्थापन झालेल्या टपाल संघात ब्रिटिश भारत १८७६ साली आणि पोर्तुगीज वसाहती १८७७ साली सामील झाल्या, तेव्हा कुठे ही दुहेरी तिकिटांची कटकट संपली. एका राज्याने स्वीकारलेले पत्र दुसऱ्याने निमूटपणे पुढे न्यायचे, हे त्या कराराचे सार होते. असा परस्परविश्वास किती दुर्मिळ असतो हे नंतरच्या काळाने दाखविले.

१९५५ हे वर्ष या दोन तालुक्यांच्या स्मरणातून जाणारे नाही. १५ ऑगस्टला पेडणे तालुक्याच्या वेशीवर, पत्रादेवीला, सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. १ सप्टेंबरपासून गोव्यातील भारतीय वकिलात बंद झाली. नाकेबंदी कडक झाली, रेल्वे थांबली. व्यापाराचे जुने मार्ग तुटले. पत्र कुणी उघडून पाहील या धास्तीने माणसे जपून लिहीत, आणि जपून लिहिलेल्या पत्रातून व्यवहार होत नसतो. १९ डिसेंबर १९६१ नंतर ही सीमा नाहीशी झाली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, संस्कृतचे कवी आणि टपाल खात्याचे वरिष्ठ अधिकारी. डिचोलीला ४०३५०४ आणि पेडण्याला ४०३५१२ हे आकडे मिळाले आणि एकाच नावाच्या दोन गावांत पत्र भटकण्याचे दिवस सरले. त्यानंतरची पंचवीसएक वर्षे, आमच्या मते, आपल्याकडील टपालाचा सर्वांत सुखाचा काळ होय. रजिस्टर पत्राची सही झालेली पावती परत येई आणि ती फायलीस लागली की विषय मिटे. २०२५ साली भारतीय टपाल खात्याने ही रजिस्टर सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली, त्याचे दुःख झालेल्यांत आम्हीही आहोत. पण तो विषय वेगळा.

आता ईमेलकडे वळू. एका संगणकावरून दुसऱ्यावर, '@' ही खूण वापरून, पत्र धाडण्याची युक्ती रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली साधली. या पत्रांच्या वाहतुकीचे जे नियम आजही मूलतः चालू आहेत ते जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. तेव्हा हे जाळे विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्यापुरते होते, बहुतेक एकमेकांना ओळखत. त्यामुळे नियमांत बर्नच्या करारासारखाच भाबडा विश्वास उतरला. लिफाफ्याच्या मागे पाठविणाऱ्याचे नाव म्हणून कुणी काहीही लिहावे, डाकवाल्याने ते तपासू नये. न पोचलेले पत्र मात्र लिफाफ्यावरच्या नावाने परत करावे, हा उत्तम दंडकही त्याच नियमांत होता.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले, त्याच सुमारास जगभर या भाबडेपणाचा गैरफायदा घेणे सुरू झाले होते. फुकट जाहिराती, फसवणुकीची पत्रे, दुसऱ्याच्या नावाने धाडलेली पत्रे यांचा इतका पूर आला की २००० नंतरच्या दशकात जगातील एकूण ईमेलचा मोठा भाग हा कचराच होता. त्याला स्पॅम म्हणतात. बदनाम संगणकांच्या याद्या करून त्यांच्याकडून आलेले काहीच घ्यायचे नाही, अशी पद्धत १९९७-९८ पासून रूढ झाली. आणि येथेच तो उत्तम दंडक मोडला. खोट्या नावाने आलेले पत्र परत पाठविले, तर ते ज्याचे नाव वापरले त्या निरपराध माणसाच्या माथी पडते. अशा परतीच्या पत्रांचा नवाच उपद्रव झाला. तेव्हा घेणाऱ्या संस्थांनी संशयास्पद पत्र दारात न अडवता आत घ्यायचे आणि गुपचूप बाजूला टाकायचे, असे धोरण अनेक ठिकाणी स्वीकारले. आपले पत्र पोचतही नाही आणि परतही येत नाही, याचे ऐतिहासिक कारण हे आहे. लबाडांना उत्तर न देण्याच्या निर्णयाची झळ सज्जनांना लागली.

डिचोली तालुक्यातील आमच्या परिचयाच्या एका घराण्यात हे आम्ही जवळून पाहिले. पिढीजात बागायत, आणि वडिलांच्या काळापासून काजूगर निवडून, प्रतवारी करून मुंबई-पुण्याच्या दुकानदारांना पाठविण्याचा व्यवसाय. मुलाने स्वतःच्या नावाचे डोमेन घेतले, पत्रपेटी एका कंपनीकडे ठेवली, संकेतस्थळ दुसऱ्या एका पुरवठादाराच्या सर्व्हरवर हलविले आणि बिले व दरपत्रके आपोआप धाडणारा एक प्रोग्रॅम बसविला. चतुर्थी ते दिवाळी हा त्यांचा मुख्य हंगाम. त्या हंगामात दरपत्रके गेली आणि मागण्या आल्या नाहीत. दोन दुकानदारांनी माल दुसरीकडून घेतला. तिसरे, वडिलांचे तीस-पस्तीस वर्षांचे गिऱ्हाईक, रागावले. त्यांनी तीनदा भाव विचारला होता आणि त्यांच्या दृष्टीने तीनदा उत्तर आले नव्हते. पैशापेक्षा ही गोष्ट घरात अधिक लागली. पुरवठादाराचे म्हणणे असे की आमच्या बाजूने सर्व ठीक आहे.

अशा वेळी संगणकाची माहिती थोडी कमी असली तरी चालते, चौकशीची शिस्त मात्र लागते. प्रथम पोचलेली आणि न पोचलेली पत्रे वेगळी काढली. मुलाने हाताने लिहिलेली पत्रे सर्वत्र पोचत होती. प्रोग्रॅमने धाडलेली तेवढी हरवत होती. म्हणजे पत्ते बरोबर होते, दोष वाटेत होता. मग त्याच प्रोग्रॅममधून एक दरपत्रक घरच्याच एका फुकटच्या पत्रपेटीवर पाठविले. ते स्पॅमच्या कप्प्यात सापडले. तेथे 'शो ओरिजिनल' हा पर्याय निवडला की पत्राच्या डोक्यावरचा एरवी झाकलेला मजकूर दिसतो. जुन्या लिफाफ्यांच्या पाठीवर वाटेतल्या प्रत्येक टपाल कचेरीचा तारखेसह शिक्का असे. येथे त्याचेच काम 'रिसीव्ह्ड' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी करतात. नवा शिक्का वर पडत जातो, म्हणून त्या खालून वर वाचाव्या लागतात. तशा वाचल्या तेव्हा कळले की दरपत्रके पत्रपेटीच्या कंपनीतून निघतच नव्हती, ती संकेतस्थळाच्या सर्व्हरवरून परस्पर जात होती. आणि त्याखाली घेणाऱ्याने केलेल्या तपासणीचा शेरा होता: 'एसपीएफ : फेल'.

एसपीएफ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आपल्या नावाची पत्रे कोणकोणत्या सर्व्हरने न्यावीत याची यादी डोमेनच्या मालकाने सार्वजनिक नोंदीत, म्हणजे डीएनएसमध्ये, लावून ठेवायची. ते जासुदाचे दस्तक समजावे. ही पद्धत २००६ साली प्रायोगिक नियमांच्या स्वरूपात प्रसिद्ध झाली. दुसरी डीकेआयएम, २००७ सालची. तीत पत्राला गणिती स्वाक्षरी जोडली जाते आणि वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. आपल्या जुन्या पत्रांत लेखनाच्या शेवटी मोर्तब उठवीत, ते कुणी पुढे ओळ वाढवू नये म्हणून; हेतू तोच. तिसरी डीमार्क, २०१२ पासूनची. पहिल्या दोन कसोट्यांत न उतरलेल्या, आपल्या नावाच्या पत्राचे काय करावे, हे मालक तीत सांगतो. ही तिन्ही कितीएक वर्षे ऐच्छिक होती. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी प्रत्येक पाठविणाऱ्याला पहिल्या दोहोंपैकी एक तरी सक्तीची केली, आणि दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे धाडणाऱ्यांना तिन्ही. १८७७ साली रद्द झालेले दुसरे तिकीट दीडशे वर्षांनी पुन्हा लावावे लागले, असेच आम्हांला वाटते.

या घराण्याच्या यादीत पत्रपेटीच्या कंपनीचे नाव होते, नव्या सर्व्हरचे नव्हते. ते घालून भागले असते काय? आम्हांलाही आधी तसेच वाटले. पण त्या सर्व्हरचा क्रमांक बदनामांच्या एका यादीत सापडला. स्वस्तातल्या सेवेत एका क्रमांकावर शेकडो संकेतस्थळे नांदतात. त्यातील एकाने कचरा पाठविला की सारी चाळ बदनाम होते. म्हणून प्रोग्रॅमची पत्रे त्या वाटेने न पाठविता, पत्रपेटीच्या कंपनीच्याच सर्व्हरमधून, नाव व परवलीचा शब्द देऊन, रवाना करावयाची व्यवस्था केली. डीकेआयएम सुरू केले. डीमार्कमध्ये आरंभी 'काही करू नका, फक्त कळवा' एवढीच सूचना ठेवली; पहिल्याच दिवशी 'नाकारा' असे लिहिणारे स्वतःचीच चांगली पत्रे घालवून बसतात. एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच असावी लागते, दोन झाल्या तर दोन्ही व्यर्थ, हेही येथे नोंदवून ठेवतो. नोंदीतला बदल जगभर पसरण्यास काही तास, कधी एखाद-दोन दिवस लागतात; तोवर धीर धरावा.

सर्वांत खेदाची गोष्ट शेवटी उघडकीस आली. काही गिऱ्हाइकांच्या सर्व्हरनी पत्रे गुपचूप टाकली नव्हती. त्यांनी ती कारणासह रीतसर नाकारली होती. अशा नकारावर ५५० सारखा पाचाने सुरू होणारा आकडा असतो. चाराने सुरू होणारा असेल तर 'आता नाही, थोड्या वेळाने या' असा त्याचा अर्थ. हे नकार परतीच्या पत्त्यावर आलेही होते. पण प्रोग्रॅमने परतीचा पत्ता म्हणून संकेतस्थळाची एक आयती पेटी नेमली होती, आणि ती पेटी अस्तित्वात आहे हेच घरात कुणास ठाऊक नव्हते. त्या पेटीत हंगामभराची उत्तरे पडून होती.

कायद्याची बाजू येथे थोडी पाहणे उचित होईल. योग्य पत्ता, पुरेसे तिकीट आणि नोंदणीकृत टपाल असेल तर पत्र पोचले असे धरावे, असे १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे २७ वे कलम सांगते. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने १३ व्या कलमात ईमेलसारख्या इलेक्ट्रॉनिक अभिलेखांसाठी रवानगी आणि प्राप्ती वेगळ्या केल्या: पाठविणाऱ्याच्या ताब्याबाहेरील संगणकात शिरले की रवाना झाले, आणि घेणाऱ्याने नेमून दिलेल्या संगणकात शिरले की मिळाले. त्याच्या स्पॅमच्या कप्प्यात पडलेले पत्र 'मिळाले' की नाही, यावर वकील हवे तेवढे बोलू शकतील. त्याच्या आधीच्या १२ व्या कलमात पोच कशी द्यावी याची तरतूद आहे, ती मात्र व्यापाऱ्यांनी अवश्य वाचावी. निविदेच्या शेवटच्या दिवशी ईमेल करून निश्चिंत झोपणाऱ्यांची आम्हांला नोकरीतही काळजी वाटे. दूरध्वनीवर एक वाक्य विचारण्यात कमीपणा नाही.

व्यवस्था बदलल्यानंतर त्या मुलाने तिसऱ्या गिऱ्हाइकाला ईमेल केले नाही. तो वडिलांना घेऊन मुंबईला गेला. शब्दाला शब्द लागला, चहा झाला, पुढच्या हंगामाची मागणी तेथेच कागदावर मिळाली. दुसरे दोघे परतले नाहीत.

डीमार्कच्या 'फक्त कळवा' या सूचनेमुळे मोठ्या टपालसंस्थांकडून रोज एक तक्ता येऊ लागला आहे. आपल्या नावाने कोणत्या सर्व्हरवरून किती पत्रे आली आणि त्यातील किती कसोटीला उतरली, हे त्यात असते. पहिल्या आठवड्यातच त्यात एक अनोळखी परदेशी क्रमांक दिसला. या काजूवाल्यांच्या नावाने कुणी तिसराच पत्रे धाडीत होता. महिनाभर तक्ते पाहून, आपली सर्व पत्रे नीट उतरतात याची खात्री झाल्यावर, मुलाने 'फक्त कळवा' बदलून 'नाकारा' असे केले. परतीच्या पेटीची किल्ली आता आईकडे आहे. ती रोज सकाळी देवपूजेनंतर उघडून पाहते.